क्रॅक म्हणजे नेमकं काय? खान्देशातून विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कोणत्याही पोराला विचारा, 'क्रॅक' हा शब्द त्याला ठाऊक असतो. क्लासच्या फलकावर 'एमपीएससी क्रॅक करा' लिहिलेलं असतं, मोबाइलची स्क्रीन क्रॅक झालेली असते, फ्लेक्सच्या दुकानात क्रॅक व्हर्जन चालतं आणि गल्लीत एक जण 'जरा क्रॅकच' असतो. शब्द इतका ओळखीचा की कोणी शब्दकोश उघडत नाही, आणि घोळ तिथंच होतो. इंग्रजी शिकवताना आणि भाषांतरं तपासताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात ते इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींची संपत नाहीत.

क्रॅक हा आवाजाचा शब्द कसा? तो तर भेगेचा शब्द आहे ना?

दोन्ही आहे, पण आवाज आधी. जुन्या इंग्रजीत 'क्रॅकियन' असं क्रियापद होतं, अर्थ 'कडकन आवाज करणं'. जर्मन 'क्राखेन' आणि डच 'क्राकेन' ही त्याची भावंडं. हे सगळे शब्द कानाला जे ऐकू आलं त्याची नक्कल करून झालेले. आपल्या व्याकरणात ज्यांना अनुकरणवाचक शब्द म्हणतात, त्यातलेच.

पुढे काय झालं ते पाहा. लाकूड किंवा मडकं तडकताना तो आवाज होतो, म्हणून तडकण्याच्या क्रियेलाच 'क्रॅक' म्हणू लागले. तडकल्यावर वस्तूवर जी रेघ उरते तिलाही तेच नाव मिळालं. म्हणजे आधी कानाला ऐकू येणारा क्रॅक, मग घडणारा क्रॅक, मग डोळ्यांना दिसणारा क्रॅक. इंग्रजीने तिन्ही ठिकाणी एकच शब्द ठेवला.

मराठीने तसं केलं नाही. आवाज 'कडाड' किंवा 'काडकन', क्रिया 'फुटणं', 'मोडणं', 'तडकणं' आणि मागे उरते ती 'भेग', 'चीर' किंवा 'फट'. फक्त 'तड'चं कुळ इंग्रजीसारखं वागतं: तडतड हा आवाज, तडकणं ही क्रिया आणि तडा ही खूण. म्हणून 'तडा' हा क्रॅकचा सर्वांत जवळचा नातेवाईक. पण तो सगळीकडे चालत नाही. भाषांतर करताना आधी विचारायचं, इथे ऐकू येतंय, घडतंय की दिसतंय? या एका प्रश्नाने निम्मा गोंधळ मिटतो.

उच्चार क्रॅक, क्रेक की क्राक?

क्रॅक. 'ॅ' नीट उघडा ठेवा, कारण शेजारीच तिचे जुळे शब्द बसले आहेत. 'क्रीक' म्हणजे जुन्या दाराची करकर. त्याच उच्चाराचा, पण वेगळ्या स्पेलिंगचा दुसरा 'क्रीक' म्हणजे खाडी किंवा ओढा. 'क्रोक' म्हणजे बेडकाचं डराव. मानेला उसण भरली तर 'क्रिक'. आणि आपल्याकडे काही जण 'करॅक' म्हणतात ते टाळावं, 'क' आणि 'र'च्या मध्ये 'अ' घुसू देऊ नका.

गंमत म्हणजे क्रीक, क्रोक, क्रॅश, क्रंच ही सगळी 'क्र'ची पिलावळ आवाजाचीच आहे. आपल्याकडे करकर, कडकड, कुरकुर, कुरुमकुरुम. घशाच्या आणि टाळूच्या त्याच जागेतून कोरडे, तुटके आवाज उभे करायची युक्ती दोन्ही भाषांना सापडली.

क्रॅक आणि क्रॅकल यांत फरक काय?

क्रॅक एकदाच होतो, क्रॅकल सतत चालतं. इंग्रजीत काही क्रियापदांना शेवटी 'ल' जोडला की क्रिया पुन्हा पुन्हा, बारीक बारीक होते: स्पार्क म्हणजे ठिणगी, स्पार्कल म्हणजे चमचमणं. मराठीत हेच काम शब्द दुहेरी करून होतं. कड चा कडकड, तड चा तडतड.

म्हणून होळीत एरंडाची काडी एकदाच फुटली तर क्रॅक, आणि होळी पेटून तडतडत राहिली तर क्रॅकल. रेडिओची खरखरही क्रॅकल. केलॉग्जच्या राइस क्रिस्पीजची 'स्नॅप, क्रॅकल, पॉप' ही जाहिरात १९३० च्या दशकापासून चालत आली, ती दूध ओतल्यावर फुललेल्या तांदळातून येणाऱ्या आवाजावरून. चुरचुर ऐकायची असेल तर कोरड्या मुरमुऱ्यांवर दूध ओता आणि कान जवळ न्या.

आमच्या काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात. त्यांना क्रॅक म्हणावं की फिशर?

क्रॅकच. कपाशीच्या काळ्या जमिनीसाठी इंग्रजी कृषी-लेखनात हाच शब्द रूढ आहे. या जमिनीतली चिकणमाती माँटमोरिलोनाइट जातीच्या खनिजाची असते. पाणी मिळालं की ती फुगते, वाळली की आकसते. चैत्र-वैशाखात तापीकाठच्या रानात पाय अडकेल एवढ्या रुंद भेगा दिसतात त्या यामुळेच. मातीच्या या गटाला शास्त्रज्ञ 'व्हर्टिसॉल' म्हणतात. त्यातला 'व्हर्टि' लॅटिनमधल्या 'उलटणं' या क्रियापदातला आहे. वरची माती भेगेत पडते, पावसात खालची फुगून वर येते, जमीन स्वतःच स्वतःला उलटते. नांगर न लावता.

'फिशर' हा शब्द खडकातल्या किंवा भूगर्भातल्या लांब फटीसाठी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ठेवा. तिथे त्याचा अर्थ वेगळाच आहे आणि तो ज्याला आहे त्याला सांगायला लागत नाही. 'क्रेव्हिस' म्हणजे कपार. 'गॅप' म्हणजे नुसती फट, ती काही तुटल्याशिवायही असू शकते. दोन फळ्यांमध्ये गॅप असतो, एका फळीला क्रॅक जातो.

याच काळ्या मातीवर बांधलेल्या घरांच्या भिंतींना तिरप्या चिरा जातात, कारण पाया दरवर्षी थोडा वर-खाली होतो. अभियंत्याच्या अहवालात 'हेअरलाइन क्रॅक' आलं की घाबरू नका, केसाएवढी चीर. 'स्ट्रक्चरल क्रॅक' आलं तर मात्र घाबरा. अशा जमिनीसाठीच रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने खाली फुगीर बूड असलेले पाइल पाये विकसित केले. त्यांना 'अंडररीम्ड पाइल' म्हणतात. बांधकामाच्या कागदात हा शब्द दिसला तर तो भेगांवरचा उपाय आहे एवढं लक्षात ठेवा.

कपाशीचं बोंड फुटतं, डाळिंब फुटतं. दोन्हींना क्रॅक म्हणायचं का?

हो, पण एक आनंदाचं आणि एक डोक्याला हात लावायचं. बोंड पिकून पाकळ्या उलगडायला लागल्या की इंग्रजीत त्याला 'क्रॅक्ट बोल' म्हणतात. अमेरिकेत यंत्राने वेचणी करण्याआधी पानं गाळायची फवारणी कधी करायची, ते ठरवताना सर्वांत वरच्या क्रॅक्ट बोलच्या वर झाडाला किती पेरं उरली ते मोजतात. आपल्याकडे हाताने वेचणी, त्यामुळे हा हिशोब लागत नाही.

डाळिंबाचं 'फ्रूट क्रॅकिंग' म्हणजे नुकसान. पाण्याचा ताण आणि मग एकदम भरपूर पाणी, किंवा बोरॉनची कमतरता, यांनी साल तडकते. साक्री-सटाण्याकडच्या शेतकऱ्याला हा शब्द औषधाच्या पत्रकावर नेहमी भेटतो. मराठीत आपण बोंडाला 'फुटलं' आणि डाळिंबाला 'तडकलं' म्हणतो. तो भेद इंग्रजीत शब्दात नाही, संदर्भात आहे.

'द ग्लास इज क्रॅक्ट' म्हणजे काच फुटली?

नाही, तडकली. तडा गेलाय, पण तुकडे झालेले नाहीत. फुटली तर 'ब्रोकन', चक्काचूर झाला तर 'शॅटर्ड'. मोबाइल दुरुस्तीवाल्याला आणि विमा कंपनीला हा फरक पैशांत मोजता येतो, म्हणून दावा भरताना नेमका शब्द लिहा. लोणच्याच्या चिनीमातीच्या बरणीवर जाळीसारख्या बारीक रेघा असतात त्यांना मात्र क्रॅक न म्हणता 'क्रेझिंग' म्हणतात. तिथे फक्त वरचा चकचकीत थर चिरलेला असतो.

भुसावळकडच्या मुलांसाठी जादा: रूळ तुटला तर रेल्वेच्या कागदात 'रेल फ्रॅक्चर' लिहितात. हिवाळ्यात सलग जोडलेले रूळ थंडीने आकसतात, ताण येतो आणि आधीच क्षीण असलेल्या जागी तुटतात. उन्हाळ्यात उलट, ते फुगून वाकतात. त्याला 'बकलिंग' म्हणतात, क्रॅक नाही.

परीक्षा 'क्रॅक' केली असं इंग्रजीत लिहिलं तर चालेल का?

भारतात चालेल. परदेशी विद्यापीठाच्या अर्जात लिहू नका.

मूळ इंग्रजीत क्रॅक करतात ते न सुटणारं कोडं, सांकेतिक भाषा, गुन्ह्याचा तपास. बाहेरचं कवच कडकन फुटलं आणि आतला गर मिळाला, हा त्यामागचा भाव. 'अ हार्ड नट टू क्रॅक' तिथूनच येतं. जर्मन सैन्याच्या एनिग्मा यंत्राचा संकेत १९३२ मध्ये पोलंडचा गणिती मारियन रेजेव्स्की याने आधी भेदला आणि पुढे ब्लेचली पार्कमध्ये ब्रिटिशांनी ते काम वाढवलं. त्याला 'क्रॅकिंग द कोड' म्हणतात.

आपल्या कोचिंगवाल्यांनी परीक्षेलाच कोडं मानलं आणि शब्द तिथे नेला. मला हा वापर चुकीचा वाटत नाही. ज्याने जळगावच्या अभ्यासिकेत वर्षानुवर्षं काढली त्याला परीक्षा कवचासारखीच वाटणार. फक्त ब्रिटिश किंवा अमेरिकन वाचकाला 'आय क्रॅक्ट द एक्झाम' वाचून क्षणभर शंका येऊ शकते, की याने पेपर आधीच फोडला की काय. औपचारिक लिखाणात 'पास्ट' किंवा 'क्वालिफाइड' लिहा. मराठीत तर 'परीक्षा मारली' हा आपला जुना शब्द आहेच, आणि त्याची ऐट क्रॅकमध्ये नाही.

'तो क्रॅक आहे' हे बरोबर इंग्रजी आहे का?

नाही. इंग्रजीत वेडसर माणसाला 'क्रॅक्ट' किंवा ब्रिटिश बोलीत 'क्रॅकर्स' म्हणतात. विक्षिप्त कल्पना घेऊन फिरणारा 'क्रॅकपॉट'. यातला पॉट म्हणजे डोकं, तडा गेलेलं मडकं. नुसतं 'क्रॅक' विशेषण म्हणून आलं तर अर्थ अगदी उलटा होतो: अव्वल, निवडक. 'क्रॅक शॉट' म्हणजे अचूक नेमबाज, 'क्रॅक रेजिमेंट' म्हणजे नावाजलेली पलटण.

हे माहीत नसलं की काय होतं त्याचा मासला. जुन्या इंग्रजी रेल्वे-लेखनात 'क्रॅक ट्रेन' असा शब्द वारंवार येतो. १९१२ मध्ये सुरू झालेली आणि आजही भुसावळवरून धावणारी पंजाब मेल अशाच मानाच्या गाड्यांपैकी. एका विद्यार्थिनीने भाषांतरात लिहिलं, 'तडा गेलेली गाडी'. वर्गात हशा झाला, पण तिचा तर्क चोख होता. शब्दकोशातला पहिला अर्थ तोच होता.

पोतराजाच्या आसूडाचा आवाज इंग्रजीत कसा सांगायचा?

'द क्रॅक ऑफ द व्हिप'. इथे क्रॅक म्हणजे निव्वळ आवाज, काही तुटत नाही. तुटतं म्हणायचंच तर हवेतला ध्वनीचा अडसर. आसूडाची मूठ जाड आणि टोक बारीक असतं. मनगटाचा झटका पुढे पुढे सरकतो तसा त्याला हलवायला कमी कमी वजन उरतं, त्यामुळे वेग वाढत जातो. शेवटी टोक ध्वनीपेक्षा, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरपेक्षा, वेगाने जातं आणि छोटा ध्वनिस्फोट होतो. लढाऊ विमान डोक्यावरून जाताना जो धडाका होतो तोच, लहान मापात. पोतराज दारात आला की कडाड आवाजाने पोरं आईच्या पदराआड जातात, ती याला घाबरून.

'क्रॅक द व्हिप' या वाक्प्रचाराचा अर्थ मात्र कामाला जुंपणं, धाक दाखवणं. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात चाबूक वाजवला तर तो शब्दशः. ऑफिसात साहेबाने वाजवला तर तो वाक्प्रचार.

बोटं मोडणं म्हणजे 'क्रॅकिंग नकल्स' ना? मग भाषांतर सरळ आहे.

शरीरापुरतं सरळ आहे, संस्कृतीपुरतं अजिबात नाही.

शरीराचं आधी. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. बोट ओढलं की सांध्यातली जागा एकदम वाढते, दाब उतरतो, द्रवात वायूची पोकळी तयार होते आणि आवाज येतो. २०१५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी एमआरआयमध्ये हे होताना टिपलं. त्याच बोटाचा पुन्हा आवाज यायला साधारण वीस मिनिटं लागतात. यामुळे संधिवात होतो, असं घरोघरी सांगितलं जातं. डोनाल्ड अंगर या अमेरिकन डॉक्टरने साठ वर्षांहून जास्त काळ फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची नाही, आणि दोन्ही हातांत काही फरक दिसला नाही. त्याबद्दल त्याला २००९ चं इग नोबेल, म्हणजे गमतीदार संशोधनाचं बक्षीस, मिळालं. एका माणसाचा प्रयोग म्हणजे पुरावा नव्हे, पण चिकाटी वाखाणण्यासारखी.

आता संस्कृती. आपल्याकडे आजी नातवावरून हात ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडते, ती मायेने. दृष्ट निघते. आणि शेजारीण भांडणात बोटं मोडते, ती शिव्याशाप द्यायला. दोन्ही ठिकाणी आवाज तोच, भाव एकदम विरुद्ध. इंग्रजी वाचक 'शी क्रॅक्ट हर नकल्स' वाचेल आणि समजेल, बाई हाणामारीला सज्ज झाली. कारण त्यांच्याकडे बोटं मोडणारा माणूस एक तर कंटाळलेला असतो किंवा मारामारीला निघालेला. आजीसाठी भाषांतरात एक छोटं वाक्य जादा घालावंच लागेल: दृष्ट काढायला. शेजारणीसाठी 'शी कर्स्ट हर' पुरेसं आहे, बोटं सोडून दिली तरी काही बिघडत नाही.

स्वयंपाकाच्या व्हिडिओत 'मोहरी तडतडू द्या' याला क्रॅक म्हणावं का?

'क्रॅकल' म्हणा. किंवा 'स्प्लटर', किंवा 'पॉप'. 'क्रॅक्ट मस्टर्ड' म्हटलंत तर अर्थ होईल भरडलेली मोहरी. तसंच 'क्रॅक्ट पेपर' म्हणजे भरड मिरी.

इथे खान्देशाला एक चांगला शब्द फुकट मिळतो. दादर ज्वारी भरडून कण्या करतात आणि त्या ताकात शिजवतात. त्या कण्यांना इंग्रजीत 'क्रॅक्ट सॉर्गम' म्हणता येतं, अगदी नेमकं. गव्हाचा दलिया 'क्रॅक्ट व्हीट'. 'बुल्गर' मात्र म्हणू नका, तो आधी शिजवून वाळवलेला असतो. अंडं 'क्रॅक' करतात, नारळही करतात. शेंगा फोडणं म्हणजे 'शेलिंग', आणि भरताची वांगी तुरकाठ्यांवर भाजताना साल फाटते ती 'स्प्लिट' होते. भरताच्या व्हिडिओत क्रॅक शब्द कुठेच लागत नाही. मिरच्या तेलात टाकल्यावर जे होतं त्याला इंग्रजीत 'सिझल' आहे, आणि खोकल्याला शब्द लागत नाही.

'क्रॅक ऑफ डॉन' म्हणजे पहाटेला कोणता आवाज होतो?

होत नाही. पूर्वी इंग्रजीत 'इन अ क्रॅक' म्हणजे एका क्षणात, बंदूक उडावी तसं. त्यामुळे क्रॅक ऑफ डॉन म्हणजे उजेडाचा अगदी पहिला क्षण. 'क्रॅक ऑफ डूम' हा शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मधला शब्दही ऐकायला मिळतो, तिथे मात्र खरोखर गडगडाट आहे, कयामतीचा.

आपल्याला हे परकं वाटायला नको. आपलंही तांबडं 'फुटतं'. केळीच्या घडांची गाडी भरायला रावेर-यावलकडे माणसं तांबडं फुटायच्या आत निघतात, ते 'अॅट द क्रॅक ऑफ डॉन'. 'झुंजूमुंजू'ला मात्र इंग्रजीत जोड नाही, तो शब्द तसाच ठेवावा.

क्रॅकर म्हणजे फटाका, बिस्किट की हॅकर?

तिन्ही, आणि आणखी तीन. भारतात क्रॅकर म्हणजे फटाका आणि आपण 'बर्स्ट क्रॅकर्स' म्हणतो. ब्रिटनमध्ये आतषबाजीला 'फायरवर्क्स' म्हणतात, 'लेट ऑफ' करतात. तिथे क्रॅकर म्हटलं की ख्रिसमसच्या जेवणाच्या टेबलावरची कागदी नळी डोळ्यांपुढे येते: दोघांनी दोन टोकं ओढायची, फट् वाजतं, आतून कागदी मुकुट आणि चिठ्ठी निघते. लंडनच्या टॉम स्मिथ या मिठाईवाल्याने ती १८४० च्या दशकात आणली. पातळ, कुरकुरीत, बहुधा खारं बिस्किट हे तिसरं. ब्रिटिश बोलीत एखादी गोष्ट 'अ क्रॅकर' असेल तर ती फक्कड. अमेरिकेत मात्र गरीब गोऱ्या माणसाला हिणवायला हा शब्द वापरतात, तिथे कुणा माणसाला क्रॅकर म्हणू नका.

धुक्यात रुळावर ठेवतात तो रेल्वेचा फटाका, ज्याच्यावरून चाक गेलं की धमाका होऊन चालकाला पुढे सिग्नल आहे हे कळतं, त्याला इंग्रजीत 'डेटोनेटर' किंवा 'फॉग सिग्नल' म्हणतात. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधल्या मुलांनी निबंधात त्याला क्रॅकर लिहिलं तर मी समजून घेतो, तपासणारे घेतीलच असं नाही.

सॉफ्टवेअरचं क्रॅक व्हर्जन वापरलं तर काय होतं?

शब्दाचा अर्थ: कुलूप फोडलेली प्रत. प्रोग्रामर मंडळींनी १९८० च्या दशकात आग्रह धरला की कुतूहलाने यंत्र उलगडतो तो हॅकर आणि कुलूप फोडून चोरी करतो तो क्रॅकर. वर्तमानपत्रांनी त्यांचं ऐकलं नाही.

कायद्याचा अर्थ: कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ब नुसार बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरणं गुन्हा आहे. किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. व्यवसायासाठी वापर नसेल तर न्यायालय सूट देऊ शकतं, पण लग्नपत्रिका छापणारं दुकान हा व्यवसायच आहे. शिवाय अशा फाइलींबरोबर व्हायरस येतो तो वेगळाच.

नशेचा 'क्रॅक' तो हाच शब्द?

हाच. कोकेनचा धूर ओढायचा प्रकार, तापवल्यावर तडतडतो म्हणून हे नाव, १९८० च्या दशकात अमेरिकेत पसरलं. म्हणून परदेशी ओळखीत 'वी लव्ह क्रॅक' असल्या गमती नकोत. 'क्रॅकहेड' म्हणजे हुशार डोकं नव्हे, व्यसनी.

विनोदाशी क्रॅकचा काय संबंध?

बराच जुना. क्रॅक म्हणजे मोठ्याने बोलणं, फुशारकी मारणं, असा एक अर्थ होता. 'नॉट ऑल इट्स क्रॅक्ट अप टू बी' यात तो शिल्लक आहे: जेवढा गाजावाजा केला तेवढं काही नाही. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमध्ये क्रॅक म्हणजे गप्पा. तिथून तो आयर्लंडला गेला, आयरिश स्पेलिंग घालून परत आला आणि आता लोक त्याला अस्सल आयरिश समजतात. 'क्रॅक अ जोक' म्हणजे विनोद करणं. 'वाइजक्रॅक' म्हणजे टोमणेवजा कोटी. 'क्रॅक अप' म्हणजे हसून लोटपोट होणं, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ मनाने कोसळणं. संदर्भ पाहिल्याशिवाय 'ही क्रॅक्ट अप'चं भाषांतर करू नका. सांत्वनाच्या पत्रात हसणं घुसेल.

ओठ फुटले, टाचा फुटल्या, आवाज फुटला. सगळ्यांना क्रॅक?

टाचांना हो, 'क्रॅक्ट हील्स'. ओठांना 'चॅप्ट'. वयात येताना मुलाचा आवाज फुटतो, तिथे ब्रिटिश 'ब्रेक' म्हणतात, अमेरिकन बहुधा 'क्रॅक'. भाषण करताना गळा दाटून आला तर 'हिज व्हॉइस क्रॅक्ट'. क्रिकेटमध्ये पाचव्या दिवशी खेळपट्टीला जातात ते क्रॅक, आणि कडक फटका 'अ क्रॅकिंग शॉट'.

बातम्यांतलं 'क्रॅकडाउन' मराठीत कसं लिहावं?

'कारवाईचा बडगा' किंवा 'धडक मोहीम'. वाळूचोरीवर महसूल खात्याने बडगा उगारला, असं आपण लिहितोच. गिरणा-तापीकाठी ही बातमी अधूनमधून येते. 'फॉल थ्रू द क्रॅक्स' याचं 'भेगांतून पडले' असं करू नका. योजनेच्या यादीतून सुटले, कुणाच्याच खिजगणतीत आले नाहीत, असं लिहा. 'गेट क्रॅकिंग' म्हणजे कामाला लागा.

रसायनशास्त्रात 'क्रॅकिंग' येतं ते कुठलं?

खनिज तेलातले मोठे, जड रेणू उष्णतेने किंवा उत्प्रेरकाने तोडून पेट्रोलसारखे हलके रेणू मिळवणं. रशियात व्लादिमीर शुखोव्हने १८९१ मध्ये याचं पेटंट घेतलं, अमेरिकेत विल्यम बर्टनने १९१३ मध्ये. आवाज नाही, भेग नाही, फक्त तुटणं उरलं.

घरी अहिराणी, शाळेत मराठी, परीक्षेत इंग्रजी. मी आधी मराठीत विचार करून मग इंग्रजीत लिहू का?

गरज नाही. 'भीतले तडा गया' हे तुम्ही घरी म्हणता तेव्हा 'देअर इज अ क्रॅक इन द वॉल' त्याच्याच शेजारी बसतं, मध्ये प्रमाण मराठीचा थांबा घ्यायचं कारण नाही. अडचण येते ती दाराशी. 'लीव्ह द डोअर ओपन अ क्रॅक' हे वाक्य परीक्षेत आलं की बहुतेक मुलं 'दाराला तडा ठेव' लिहून येतात. दार किलकिलं ठेव, एवढंच म्हणायचं आहे. खिडकीचंही तेच: 'क्रॅक द विंडो' म्हटलं तर दगड उचलू नका, कडी काढून बोटभर फट ठेवा.